डोंगरमाथा ते नदीकाठ : फुलंब्री परिसरातली वसंतभ्रमंती

फुलंब्री हे छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला, जळगाव रस्त्यावरचे तालुक्याचे ठिकाण. पश्चिमेला खुलताबाद-म्हैसमाळचे डोंगर, उत्तरेला अजिंठा-सातमाळ्याची रांग आणि दक्षिणेला चौका, लहुगडाकडच्या टेकड्या अशी तिन्ही अंगांना उंच जमीन असल्यामुळे या भागात लहानमोठ्या नद्या पुष्कळ. फुलंब्री गावातून फुलमस्ता वाहते. तालुक्यातली मोठी नदी गिरिजा. ती खुलताबादकडच्या डोंगरांत उगम पावते, येसगावच्या धरणात अडते, वडोद बाजारसारख्या गावांजवळून पूर्वेकडे जालना जिल्ह्यात शिरते आणि तिथे पूर्णेला मिळते. पूर्णा पुढे गोदावरीला जाते. उत्तरेकडच्या रांगेचा कडा ओलांडला की मात्र पाण्याची दिशा बदलते आणि ते तापीकडे धावते. नदीचे माथे, तिच्या काठचे बाजाराचे गाव आणि या दोहोंमधली वाट एका दिवसात पाहून होते. फुलंब्रीला मुक्काम धरून सकाळी डोंगर आणि उन्हे चढल्यावर नदीकाठचे गाव, अशी जोडभ्रमंती इथे सहज बसते ती या ठेवणीमुळे.

पंचांगाप्रमाणे वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. डोंगरात हिंडण्यापुरता मराठवाड्यातला वसंत मात्र फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतच टिकतो. त्यानंतर पारा चाळिशीला भिडतो आणि कातळावर पाय ठेववत नाही. या काळात डोंगर हिरवा नसतो, हे आधीच ध्यानात घेतलेले बरे. पावसाळ्यातले धबधबे मनात ठेवून येणाऱ्याची इथे निराशा होते. इथले जंगल शुष्क पानझडीचे. साग, सालई, धावडा यांची पाने गळून गेलेली असतात आणि उघड्या फांद्यांवर पळस, काटेसावर व पांगारा फुललेले असतात. त्या फुलांतल्या मधासाठी मैना, बुलबुल, शिंजीर यांची झुंबड उडते, म्हणून पक्षी पाहायला यासारखा हंगाम नाही. पानगळीचा दुसरा फायदा इतिहासाच्या अभ्यासकाला होतो. श्रावणात गवत आणि झुडपांखाली दडलेली तटबंदी, कोरीव पायऱ्या, टाक्यांची तोंडे, लेण्यांकडे जाणाऱ्या जुन्या वाटा फाल्गुनात स्पष्ट दिसतात. किल्ल्याची रचना समजून घ्यायची असेल तर पावसाळ्यापेक्षा हे दिवस कितीतरी चांगले.

नद्या या दिवसांत बहुतेक कोरड्या असतात. त्याचे कारण खडकात आहे. सारा प्रदेश काळ्या कातळाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून बनलेला. या थरांत काही घट्ट, काही फुगीर आणि सच्छिद्र, तर काही ठिकाणी दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. पावसाचे पाणी भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून खाली मुरते, घट्ट थराशी अडते आणि उतारावर जिथे तो थर उघडा पडतो तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. खडकात साठणाऱ्या या पाण्याचा साठा मुळात थोडा. पाऊसही बेताचा, वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर. त्यामुळे हिवाळा सरता सरता झरे आटतात आणि नदीत केवळ डोह उरतात. डोंगरावर कोरलेली टाकी, पायथ्याची कुंडे, गावातल्या बारवा आणि नदीच्या डोहावरची वस्ती यांचा उलगडा वसंतातच होतो, कारण पाणी नेमके कुठे टिकते हे याच दिवसांत दिसते. पाण्याने भरलेली नदी काठावरून पाहायची असते. कोरड्या नदीच्या पात्रातून चालता येते.

डोंगर आणि नदी यांना पायी जोडण्याची रीत इथे नवी नाही. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथषष्ठीचा सोहळा होतो आणि त्यासाठी मराठवाडाभरातून दिंड्या चालत गोदावरीच्या काठी येतात. गुढीपाडव्याला पैठणचे गोदावरीचे पाणी कावडींतून गर्भगिरीच्या डोंगरातल्या मढीला, कानिफनाथांच्या समाधीसाठी नेले जाते. चैत्र पौर्णिमेला हनुमान जयंती. तिच्या आदल्या रात्री संभाजीनगरातून हजारो माणसे खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघतात आणि पहाटे पोहोचतात. म्हैसमाळच्या गिरिजादेवीची यात्राही चैत्रातलीच. रब्बीची सुगी उरकलेली, पेरणीला अवकाश आणि रात्री अजून सुसह्य, म्हणून हा चालण्याचा हंगाम ठरला. सहलीच्या नावाने हिंडणाऱ्यांनी या पंचांगाचाच आधार घ्यावा. उन्हापासून बचाव करण्याचा याहून जुना आणि अनुभवाने सिद्ध झालेला मार्ग नाही.

तालुक्यातली सर्वांत जवळची चढण लहुगडाची. नांद्रा गावाशेजारची ही टेकडी फार उंच नाही. सवयीचा माणूस सकाळच्या गारव्यात चढून, पाहून, उतरून येतो. गडाच्या अंगातच रामेश्वराचे कोरीव मंदिर आहे. एकसंध कातळातून सभामंडप, खांब आणि गाभारा काढलेला आहे. वर जायला खडकातच खोदलेल्या पायऱ्या आणि माथ्याकडे पाण्याची टाकी. लहू म्हणजे रामायणातला लव, आणि सीता इथे राहिली होती, असे पंचक्रोशीत सांगतात. महाशिवरात्रीला आणि श्रावणात गर्दी होते, एरवी गड शांत असतो. मोठ्या किल्ल्यांच्या यादीत लहुगडाचे नाव क्वचितच येते. वेरूळचे भव्य काम पाहण्याआधी कातळातून मंदिर कसे काढतात हे लहान मापात समजून घ्यायचे असेल, तर मात्र त्याच्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. परतताना फुलंब्री किंवा वडोद बाजार गाठता येते. आठवडी बाजाराचा वार साधला तर या भागातली शेती एका फेरीत कळते. मका, कापूस, तूर आणि विशेषतः आले, ज्याला इथले शेतकरी आणि व्यापारी सर्रास अद्रक म्हणतात, ही इथली पिके. रस्त्याकडेच्या रसवंत्या याच दिवसांत सुरू झालेल्या असतात. गावगाड्याच्या जुन्या खुणा म्हणजे वेस, गढी आणि पार. या मोठ्या वास्तू नव्हेत, पण नदीच्या संदर्भात त्या कुठे बसवल्या आहेत ते पाहण्याजोगे असते. पुराची रेघ जिथे थांबते त्याच्या वर मूळ गावठाण आणि खाली पात्रालगत बाजार, मळे, स्मशान, ही मांडणी अनेक गावांत आढळते.

पश्चिमेकडची वाट गिरिजेच्या उगमाकडे नेते. फुलंब्रीहून खुलताबाद आणि तिथून म्हैसमाळ. म्हैसमाळचा माथा पठारी आहे. गिरिजादेवीचे मंदिर, बालाजीचे मंदिर आणि दूरदर्शनचा मनोरा या तेथील ओळखीच्या खुणा. पठाराच्या कडेने चालत गेले की खाली वेरूळचा सपाट मुलूख दिसतो. एकाच डोंगराच्या एका अंगाला गिरिजेचे पाणलोट आणि दुसऱ्या अंगाला वेरूळच्या येळगंगेचे, हे नकाशापेक्षा इथे उभे राहून लवकर समजते. उतरून खुलताबादेत दुपार घालवावी. या लहानशा गावाच्या वेशीत बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराजी या सूफी संतांचे दर्गे आहेत, १७०७ मध्ये वारलेल्या औरंगजेबाची साधी उघडी कबर आहे आणि गावाबाहेर निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याची, १६२६ मध्ये तो वारल्यानंतरची, घुमटाची कबर आहे. औरंगजेबाच्या कबरीभोवती माणसे जमतात. ज्याने आजच्या संभाजीनगर शहराला खडकी म्हणून वसवले आणि नहरीने पाणी आणले, त्या मलिक अंबरकडे मात्र फारसे कोणी फिरकत नाही. पाण्याच्या मागावर निघालेल्याने त्याच्याकडे आधी जावे.

याच डोंगराच्या पायथ्याला वेरूळ. बहुतेक पर्यटक सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे पाहून परत फिरतात. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कळसापासून पायथ्याकडे खोदत उतरवलेले ते मंदिर पाहणे अगत्याचेच आहे. पण नदीच्या दृष्टीने वेरूळचे मर्म एकोणतिसाव्या लेण्यापाशी, धुमार लेण्याजवळ आहे. तिथे येळगंगा कड्यावरून खाली उडी घेते. त्या जागेला सीता की नहाणी म्हणतात. वसंतात धार बारीक किंवा बंद असते, त्यामुळे कड्याची रचना आणि खालचे कुंड नीट न्याहाळता येते. धबधब्याच्या वर, नदीच्या पात्रालगत गणेश लेणी नावाचा लहान लेण्यांचा समूह आहे आणि त्यांतल्या काहींत जुन्या चित्रांचे अवशेष टिकून आहेत. तिकडची वाट पुरातत्त्व खात्याच्या पहारेकऱ्यांना विचारूनच धरावी. मग खाली वेरूळ गावात यावे. घृष्णेश्वर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. आजचे लाल दगडातले मंदिर अठराव्या शतकात होळकर घराण्याच्या पुढाकाराने उभे राहिले. जवळचे शिवालय तीर्थ हे पायऱ्यापायऱ्यांनी खोल उतरणारे कुंड मंदिराइतकेच वेळ देऊन पाहावे. हे गाव भोसले घराण्याचे. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे यांचे वास्तव्य इथे होते. लेणी, तीर्थ, कुंड आणि भोसल्यांचे घराणे या सगळ्यांना एकच नदी पुरली.

यापेक्षा थोडा लांबचा, पण जोडभ्रमंतीचा सर्वांत नमुनेदार मार्ग कन्नडचा. कन्नड शिवना नदीच्या काठी आहे. शिवना दक्षिणेकडे गोदावरीला मिळते. गावाच्या उत्तरेला गौताळा-औट्रमघाट अभयारण्य पसरले आहे. १९८६ मध्ये जाहीर झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे. त्याच्या परिसरातल्या एका खोल दरीत पितळखोऱ्याची बौद्ध लेणी कोरलेली आहेत. त्यांची सुरुवात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, म्हणजे अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या बरोबरीची. पायऱ्यांनी दरीत उतरायचे, ओढा ओलांडायचा आणि समोरच्या कड्यातले चैत्यगृह, विहार, दाराशी कोरलेल्या हत्तींची रांग पाहायची. इथे सापडलेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यावर ती घडवणाऱ्या कृष्णदास सोनाराचे नाव कोरलेले आहे. चालणाऱ्याच्या दृष्टीने त्याहून बोलके लेख चैत्यगृहातल्या खांबांवर आहेत. त्यांत एक खांब प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सुगंधी द्रव्यांच्या व्यापारी कुळातल्या मितदेवाचे दान असल्याचे लिहिले आहे. गोदावरीकाठच्या अत्तरवाल्याने शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या या दरीत खांब का द्यावा? कारण पैठणहून उत्तरेकडे जाणारा व्यापारी रस्ता या दरीजवळच्या घाटाने खाली उतरत होता. तांडे दरीजवळून जात, भिक्खूंच्या विहारांत विसावत आणि दान देत. नदीकाठचा पैसा डोंगरात खर्च झाला, म्हणून लेणी झाली. आजचा कन्नड-चाळीसगाव रस्ताही थोड्याफार फरकाने तीच खिंड गाठतो.

पूर्वेकडे, जालना जिल्ह्यातले भोकरदन हे नदीकाठच्या लहान गावांतले सर्वांत जुने. केळणा नदीच्या काठावरच, पात्राकडे तोंड करून, एक वैष्णव लेणे कोरलेले आहे. उन्हाळ्यात पात्र उतरलेले असताना ते नीट पाहता येते. भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची जी नावे कोरली आहेत त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. १९७३ मध्ये मराठवाडा आणि नागपूर विद्यापीठांनी इथे उत्खनन केले. त्यात सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्तीही मिळाली. तिचे साम्य इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोहोचलेली होती. केळणेच्या काठच्या कारागिरांचा माल कुठवर जात असेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. आज भोकरदनात या इतिहासाची खूण सांगणारा एखादा साधा फलकही शोधावा लागतो, ही खेदाची गोष्ट आहे.

भोकरदनच्या परिसरात केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या जिभेसारख्या पट्ट्यावर असई हे खेडे आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली इथे लढला. समोर केळणा आणि पलीकडे मराठ्यांचा तोफखाना. वाटाड्यांनी आसपास उतार नाही असे सांगितले. वेलस्लीला मात्र नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेली दोन खेडी दिसली आणि त्याने ताडले की अशी गावे उताराविना वसत नाहीत. तो तिथेच नदी उतरला. लढाई त्याने जिंकली, पण त्याची पंधराशेहून अधिक माणसे मेली अथवा जखमी झाली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवल्यानंतरही रणांगणावरची आपली सर्वांत चांगली कामगिरी कोणती असे विचारल्यावर तो असईचेच नाव घेत असे. लढाईनंतरच्या महिन्यात त्याची छावणी फुलंब्रीलाही पडली होती. त्याच्या पत्रव्यवहारात ते नाव फुलमरी अशा उच्चाराने आले आहे. असईला चढण नाही. पण मार्चमध्ये केळणेचे पात्र धरून संगमाकडे चालत गेले की गावे उताराशी का वसतात, रस्ते नदीला कुठे छेदतात आणि एका पाणवठ्याने लढाई कशी फिरू शकते, हे पायांना कळते.

उत्तरेचे शेवटचे टोक अजिंठा. लेण्यांना बसने जाणारा माणूस खालून, फर्दापूरच्या बाजूने येतो. डोंगर चालणाऱ्याने वरून यावे. पठारावर लेणापूर नावाचे लहान गाव आहे आणि तिथून वाघूर नदीच्या घळीच्या तोंडाशी जाता येते. नदी इथे सात कुंडांतून टप्प्याटप्प्याने खाली पडते आणि घोड्याच्या नालासारखे वळण घेते; त्या वळणाच्या आतल्या कड्यात तीस लेणी आहेत. एप्रिल १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला पलीकडच्या कड्यावरून लेण्यांची तोंडे दिसली. तो महिना एप्रिल होता, म्हणजे पानगळीने कडा उघडा पडलेला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वरचे अजिंठा गाव मात्र उपेक्षित. वाघूर त्याच्या जवळून वाहते आणि निजामाच्या काळातली तटबंदी व दरवाजे अजून उभे आहेत. लेणी पाहून थेट शहराकडे पळणाऱ्यांपैकी फार थोडे जण तिथे थांबतात. वाघूर तापीला मिळते, म्हणून फुलंब्रीहून निघून अजिंठ्याला पोहोचणारा माणूस वाटेत कुठेतरी दख्खनचा जलविभाजक ओलांडतो. रस्त्यावर त्याची कोणतीच खूण नाही.

दिवस आखताना उन्हाचे गणित आधी मांडावे. डोंगर पहाटे, शक्यतो सूर्योदयापूर्वी चढायला घ्यावा आणि दहा-साडेदहाच्या आत खाली असावे. दुपारच्या वेळी गावातले मंदिर, बारव, वाडा किंवा पाराची सावली गाठावी आणि नदीचे पात्र चारनंतर चालावे. टाक्यांचे पाणी या दिवसांत पिण्याच्या योग्यतेचे राहिलेले नसते, तेव्हा माणशी तीन लिटर पाणी बरोबर असावे. कड्यांवर आणि लेण्यांच्या छतांना आग्या माश्यांची पोळी असतात. त्यांच्या आसपास धूर, अत्तर, आरडाओरडा आणि दगडफेक टाळलीच पाहिजे. माश्या उठल्या तर मोकळ्या जागी न थांबता अंग झाकून लांब निघून जावे. गवत वाळलेले असल्याने विडी-सिगारेटच्या एका थोटकानेही वणवा पेटतो, त्यामुळे जंगलात चूल मांडू नये. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आणि गाराही येतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने मराठवाड्याचे किती नुकसान केले ते इथल्या शेतकऱ्यांच्या आठवणीत ताजे आहे. दुपारनंतर ढग दाटले तर पठार आणि एकाकी झाडे सोडून खाली यावे.

प्रवासासाठी मुख्य रस्त्यावर एसटी पुरते. आतल्या गावांना काळी-पिवळी किंवा स्वतःचे वाहन लागते. परतीची शेवटची गाडी कोणती हे सकाळीच फाट्यावर विचारून ठेवावे, कारण आडगावांना संध्याकाळनंतर वाहन मिळणे कठीण जाते. अभयारण्यात शिरताना वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी. वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात.